फुरसत

सातवीच्या मुलांना मी दर वर्षी 'वाक्यात उपयोग करा' हा जुनाच प्रश्न घालते. गेल्या वर्षी त्यात 'फुरसत' हा शब्द दिला होता. शब्द अरबीतून आला, उर्दूत रुळला आणि मराठीत इतका मुरला की तो बाहेरचा आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. दोन्ही भाषा शिकवणाऱ्या माझ्यासारख्या बाईला असे शब्द फार सोयीचे. एकदा समजावून सांगायचे, दोन्ही तासांना वापरायचे.

वह्या तपासायला घेतल्या. 'अब्बांना फुरसत नाही.' 'अम्मीला मरायलाही फुरसत नाही.' 'टीचरना फुरसत नसते.' एकामागून एक वही उघडत गेले, सगळीकडे शब्दाला चिकटून 'नाही' आलाच. एका मुलीनं तेवढं लिहिलं होतं, 'आमच्या बोक्याला फुरसतच फुरसत आहे.' तिला मी पूर्ण गुण दिले.

आमच्या बोटीचं नाव 'फुरसत' आहे, हे मी वर्गात सांगितलेलं नाही. स्टाफरूममध्ये एकदा सांगून बघितलं. सुट्टीत कुठं गेला होतात, असं एका बाईंनी विचारलं. म्हटलं, बोटीनं मुरूडला. त्या म्हणाल्या, "म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यापर्यंत रो-रोनं आणि पुढं गाडीनं ना?" म्हटलं, नाही, आमच्याच बोटीनं, बेलापूरहून. मग थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. शिक्षिकेच्या घरी बोट म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांसमोर पांढरी शुभ्र यॉट येते. म्हणून आधी आमची बोट कशी आहे ते सांगते.

ती चोवीस फुटांची जुनी फायबरची बोट आहे. पूर्वी ती मासेमारीला जायची. दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन, ताशी सहा नॉट, म्हणजे अकरा किलोमीटर. सायकलवाला पोरगा तिला सहज मागं टाकेल. एका जुन्या मारुतीच्या भावात ती माझ्या नवऱ्यानं 2023 मध्ये घेतली आणि दीड वर्ष रविवारी रविवारी दुरुस्त केली. सगळ्यात आधी त्यानं काय केलं असेल, तर मागच्या बाजूला दार लागेल अशी एक लहानशी खोली बांधली. मासेमारीच्या बोटीवर बाईमाणूस जाईल असं धरलेलंच नसतं, त्यामुळे तिथं तशी जागाही नसते. इंजिन खोलायच्या आधी, रंग द्यायच्या आधी, त्यानं माझ्यासाठी संडास बांधला. ताजमहालाचं कौतुक करणाऱ्यांनी करावं, मला हे पुरेसं आहे.

(इथं मी त्याला एकेरी लिहितेय. घरात अहो-जाहोच आहे. तो मला 'टीचर' म्हणतो.)

आम्ही कोकणी मुसलमान. मी पनवेलकडची, तो राजपुरीच्या खाडीवरच्या एका गावचा. आमच्या लोकांचं समुद्राशी नातं जुनं, पण ते सगळं कामाचं. कुणी मचव्यावर, कुणी आगबोटीवर, कुणी गोदीत. आमच्या मराठीत समुद्रावरचे शब्दही त्याच वाटेनं आले. नाखवा म्हणजे फारसीतला नाखुदा, बोटीचा धनी. खलाशी अरबी, सुकाणू अरबी, बंदर फारसी, दर्या फारसी. कोळीवाड्यातली आजी 'नाखवा' म्हणते तेव्हा ती किती लांबचा शब्द बोलतेय हे तिला ठाऊक नसतं, आणि असायचं कारणही नाही. तो आता तिचा आहे.

पण या सगळ्या शब्दांत फिरायला जाणाऱ्या माणसासाठी शब्द नाही. माझ्या सासूबाईंचा, अम्मींचा, तर नियमच आहे: दर्यात कामाशिवाय पाय घालू नये. या नियमाला कारण आहे. त्यांचे थोरले मामा 'रामदास' बोटीवर होते. 17 जुलै 1947. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी रेवसला निघालेली ही बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून जास्त माणसं बुडाली. रमजान दोन-तीन दिवसांवर आला होता. पावसाळ्यात पुढच्या बोटी बंद, म्हणून मामा रेवसला उतरून पुढं मिळेल तसे गावी येणार होते. आले नाहीत, मय्यतही सापडली नाही. आम्ही शाफई पंथाचे. आमच्यात मय्यत समोर नसली तरी जनाज्याची नमाज पढता येते. तशी पढली. अम्मी तेव्हा तीन वर्षांच्या होत्या. त्यांना मामा आठवत नाहीत. नमाजेला उभे राहिलेले लोक आणि समोर मोकळी जागा, एवढंच आठवतं.

दुसरं कारण अम्मी सांगत नाहीत, नवऱ्यानं मला सांगितलं. 1993 च्या सुरुवातीला मुंबईच्या बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटकं रायगडच्या याच किनाऱ्यावर, दिघीला आणि शेखाडीला उतरवली गेली. दिघी म्हणजे आमच्या खाडीच्या तोंडावरच. त्याच्या अब्बांकडे लहानशी होडी होती, संध्याकाळी दोन-चार मासे धरण्यापुरती. त्या वर्षी त्यांनी ती विकून टाकली. म्हणाले, आपल्या नावाची होडी रात्री पाण्यावर दिसायला नको. नवरा तेव्हा शाळेत होता. होडी ओढत नेणाऱ्या माणसांच्या मागं तो बंदरापर्यंत गेला होता.

पुढं तो आखातात गेला, टगबोटीच्या इंजिनावर. आमचं लग्न 2004 चं. लग्नानंतर चाळीस दिवसांनी तो गेला, तो 2021 ला कायमचा परत आला. दर दोन वर्षांनी दोन महिने सुट्टी. एकदा शेजारणीनं विचारलं म्हणून मी हिशोब केला: सोळा वर्षांत सोळा महिने. मी उर्दू शाळेत शिकवते, पण तो शिकला मराठी शाळेत, त्यामुळे सुरुवातीची पत्रं मी त्याला मराठीत लिहायची. उर्दूच्या बाईनं नवऱ्याला मराठीत प्रेमपत्र लिहावं, याचं माझ्या मैत्रिणींना फार हसू यायचं.

परत आल्यावर त्यानं करंजाला बोटींच्या इंजिनदुरुस्तीचं काम धरलं. तो सकाळी सातला जायचा, मी साडेसहाला. रात्री जेवताना मुलांचं, गॅसचं, लाईट बिलाचं बोलणं व्हायचं. साठवलेल्या पैशातून तो दुकानाचा गाळा घेईल, असं दोन्हीकडच्या नातेवाइकांनी ठरवूनच टाकलं होतं. त्यानं बोट घेतली. भाड्यानं देणार का? नाही. मासेमारी? नाही. मग कशाला? त्याचं उत्तर त्याला धड देता येत नव्हतं आणि मलाही. खरं सांगायचं तर मी त्या वेळी त्याच्याशी आठवडाभर बोलले नव्हते.

नाव मी सुचवलं. सागरी मंडळाची नोंदणी झाली, देवनागरीत 'फुरसत' रंगवून झालं, तेव्हा मी म्हटलं, खाली उर्दूतही लिहू या. तो आधी हसला. "मलाच वाचता यायचं नाही." मग थोड्या वेळानं ब्रश धुता धुता म्हणाला, "नको टीचर. पाण्यावर लांबून ती अक्षरं वेगळी दिसतात." मी पुढं काही बोलले नाही.

2024 च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही निघालो. सुट्टी संपली की विधानसभेच्या निवडणुकीचं प्रशिक्षण होतं, मतदान 20 नोव्हेंबरला. म्हणजे आमच्या हातात मोजके दिवस. मुलांना माझ्या बहिणीकडं ठेवलं. बेलापूरजवळच्या दिवाळे कोळीवाड्यातून पहाटे फजरची नमाज पढून सहाला नांगर उचलला. सहाच का, तर भरतीसाठी. अमावस्येला आणि पौर्णिमेला इथं भरती दुपारी बाराच्या आसपास लागते, अष्टमीला सकाळी सहाच्या सुमारास. पनवेलच्या खाडीत ओहोटीला चिखल उघडा पडतो, म्हणून भरतीच्या माथ्यावर निघायचं आणि पुढं ओहोटीच्या पाण्याबरोबर बाहेर वाहत जायचं. अष्टमीची भरती भांगाची, उधाणाची नव्हे, त्यामुळे ओढ कमी. चांदाची सहा-सात तारीख म्हणा किंवा अष्टमी म्हणा, पाण्याला दोन्ही पंचांगं सारखीच.

बी.एड. झाल्यापासून मी कितीतरी वर्गांना खारे वारे आणि मतलई वारे शिकवले असतील. भूगोलाच्या बाई रजेवर गेल्या की तो तास माझ्याकडं. दिवसा समुद्रावरून जमिनीकडं वाहतात ते खारे, रात्री आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडं वाहतात ते मतलई. फळ्यावर बाणही काढायचे. त्या पहाटे पाठीमागून, बेलापूरच्या डोंगराकडून, गार वारा आला, त्याला ओल्या गवताचा आणि धुराचा वास होता. नवरा म्हणाला, "मतलई." चाळिशी उलटल्यावर मला तो पहिल्यांदा भेटला.

अटल सेतूच्या खालून गेलो. जानेवारीत त्याचं उद्घाटन झालं तेव्हा आम्हीही गाडीवाल्या मेव्हण्याबरोबर वरून गेलो होतो. जवळजवळ बावीस किलोमीटरचा पूल, मिनिटांत संपला. खालून जाताना एका खांबाकडून दुसऱ्या खांबाकडं जायलाच वेळ लागतो. वरून गाड्यांचा आवाज येत होता, सगळे कुठंतरी वेळेवर पोहोचणार होते. डाव्या हाताला न्हावा-शेवा बंदराच्या क्रेन होत्या आणि त्यांच्याखाली इमारतीएवढी जहाजं. नवऱ्यानं मला काम दिलं: बोये मोजायचे. बंदरात शिरताना लाल बोया डाव्या हाताला असतो, बाहेर पडताना उजव्या. मी मोठ्यानं सांगत होते, "लाल, उजवीकडं. अजून एक लाल, उजवीकडं." तो प्रत्येक वेळी "बरोबर" म्हणायचा. हजेरी घेतल्यासारखं चाललं होतं.

मला पोहता येत नाही. लाइफ जॅकेट घालून मी नाळेजवळ खांब धरून बसले होते. घारापुरीला वळसा घातल्यावर पाणी जरा मोकळं झालं आणि बोट हळूहळू वरखाली व्हायला लागली. पोटात ढवळलं. आल्याचा तुकडा चघळला. तासाभरानं सवय झाली आणि मग मी डबा उघडला. तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी. स्टाफरूममधल्या मालेगावच्या बाई हनफी आहेत, त्यांच्या घरी खेकडे चालत नाहीत. आम्हा शाफईंना समुद्रातलं सगळं हलाल. मी त्यांना नेहमी म्हणते, आमच्या इमामांनी कोकणचा विचार करूनच फतवा दिला असणार.

पहिल्या रात्री रेवसला नांगर टाकला. इथं एक गंमत झाली. आपल्याकडं किबला पश्चिमेला. म्हणजे समुद्राच्याच दिशेला. होकायंत्र बघून नवऱ्यानं मगरिबची नियत बांधली. नांगरावरची बोट मात्र वाऱ्याचं आणि पाण्याचं ऐकते. तिनं नाळ हळूहळू फिरवायला घेतली. तिसऱ्या रकातीपर्यंत तो बहुधा गोव्याकडं तोंड करून उभा होता. सलाम फेरल्यावर त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मी फिरलो नाही, बोट फिरली. अल्लाहला माहीत आहे."

रात्री आम्ही दोघं वर बसलो होतो. मोबाईलला रेंज होती, पण कुणाचा फोन आला नाही. बोलायला विषय नव्हता. एरवी विषय नसला की आमच्यातलं कुणीतरी उठतं. भांडी असतात, वह्या असतात, इस्त्री असते. इथं उठून जाणार कुठं, चोवीस फूट! बऱ्याच वेळानं तो आपण होऊन सांगायला लागला. टगबोटीवर रात्रपाळीला तो इंजिनरूममध्ये एकटाच असायचा. तिथल्या आवाजात कुणाला कुणाचं ऐकू येत नाही, म्हणून तो मोठ्यानं माझ्याशी बोलायचा. दिवसभराचं सगळं. मी विचारलं, मग फोनवर का नाही बोललात? फोनवर तर 'बरं आहे, पैसे पाठवलेत' एवढंच असायचं. तो म्हणाला, "फोनवर बोलायला बसलो की रडू यायचं. इंजिनापुढं येत नव्हतं."

सोळा वर्षं मला वाटत होतं की या माणसाला बोलायची आवड नाही.

दुसऱ्या दिवशी मतलई वारा असतानाच निघालो. काशाचा खडक दिसायला काहीच नाही. पाण्यातून वर आलेला काळा दगड, त्यावर पक्षी. शेजारून मांडव्याच्या फेऱ्या करणाऱ्या बोटी जातात, त्यातल्या कितीजणांना तो ठाऊक असेल कोण जाणे. नवऱ्यानं इंजिन मंद केलं. आम्ही फातिहा पढली, अम्मींच्या मामांसाठी आणि त्या बोटीवरच्या सगळ्यांसाठी. त्यात गटारीला घरी निघालेलेही होते, रमजानला निघालेलेही. सगळ्यांना घरी पोहोचायची घाई होती.

पुढं खांदेरी-उंदेरी. सहलीला नेलेल्या मुलांना अलिबागच्या किनाऱ्यावरून ही बेटं दाखवते, तेव्हा ती फार लांब वाटतात. 1679 साली शिवाजी महाराजांनी खांदेरीवर किल्ला बांधायला घेतला. इंग्रज अडवायला आले, तेव्हा महाराजांच्या आरमारातून दौलतखान गलबतं घेऊन धावला. मग जंजिऱ्याचा सिद्दी आला आणि त्यानं शेजारच्या उंदेरीवर ठाण मांडलं. या गोष्टीत खान एका बाजूला आहे आणि सिद्दी दुसऱ्या. मुलांना मी एवढंच सांगते आणि पुढं त्यांना विचार करू देते.

खांदेरी मागं पडलं आणि गस्तीची बोट आमच्याकडं वळली.

निवडणुकीचे दिवस होते, तपासणी होणारच. आणि 26 नोव्हेंबर 2008 चे ते दहा जण याच समुद्रावरून, पळवलेल्या मासेमारी बोटीतून आले होते. तपासू नये असं कोण म्हणेल? मी तर म्हणणार नाही. पण ती बोट वळलेली दिसताच नवरा उभा राहिला. टोपी काढून खिशात घातली. इंजिन बंद केलं. सीटखालून प्लास्टिकची फाइल काढली. नोंदणी, विमा, आधार, त्याचे जुने कामाचे दाखले, माझं शाळेचं ओळखपत्र, सगळ्याच्या तीन-तीन प्रती. त्यानं हे कधी भरून ठेवलं मला माहीत नव्हतं.

"नाव?" सांगितलं. "कुठून?" सांगितलं. "कुठं?" सांगितलं. "काय काम?"

इथं तो अडकला. "काम काही नाही सर." समोरचा अधिकारी बघत राहिला. "काम नाही, मग एवढ्या लांब कशाला?" "नाही सर, म्हणजे सर, गाव आहे सर."

मी उठून म्हटलं, "फिरायला निघालोय. सुट्टी आहे. मी शिक्षिका आहे."

"काय शिकवता?"

"उर्दू आणि मराठी."

"दोन्ही?" त्यानं ओळखपत्र बघितलं, मग बोटीचं नाव वाचलं. "फुरसत." आणि हसला. "आम्हालाही पाठवा थोडी." त्यांच्या एका माणसानं आमच्या सामानावर नजर टाकली, कागद परत दिले. निघताना अधिकारी माझ्यावर ओरडला, "मॅडम, जॅकेट का काढलंय? शाळेत मुलांना काय सांगता?" खरंच, उकडतं म्हणून मी ते काढून ठेवलं होतं. मी निमूट चढवलं.

दहा मिनिटं झाली असतील. कुणी वावगं बोललं नाही. पण नवऱ्याच्या तोंडून 'सर' किती वेळा आलं ते मी न ठरवता मोजलं होतं. अकरा वेळा. फाइल परत ठेवताना त्याचे हात थरथरत होते. अब्बांनी होडी का विकली हे मला आतापर्यंत गोष्ट म्हणून माहीत होतं. आणि परदेशात, जिथं पासपोर्ट दुसऱ्याच्या कपाटात असतो, तिथं सोळा वर्षं हा माणूस कसा उभा राहिला असेल, तेही त्या दहा मिनिटांत दिसलं. पैसे आले की मी बँकेत जाऊन पासबुक भरून आणायची. त्यातल्या प्रत्येक आकड्यामागं असे किती 'सर' असतील, असा विचार कधी आला नव्हता.

मी म्हटलं, "अहो, तुम्ही जरा पडा. सुकाणू मला द्या."

"तुला जमेल?"

"किनारा डाव्या हाताला ठेवायचा आणि जाळ्यांचे बोये दिसले की लांबून जायचं. सकाळपासून हेच सांगताय ना?"

तो आडवा झाला आणि झोपला. इतक्या वर्षांत मी त्याला दिवसा झोपलेला बघितला नव्हता. सुट्टीवर यायचा तेव्हाही नाही. तेव्हा घरात नळ गळत असायचा, कुणाचं तरी लग्न असायचं. सुकाणूची दांडी हातात सतत थोडी थरथरत असते, जिवंत काहीतरी धरल्यासारखी. मी अलिबागवरून पुढं गेले. कुलाबा किल्ला गेला. दुपारचा खारा वारा सुटला, लाटा उजवीकडून यायला लागल्या, मी न घाबरता नाळ जरा त्यांच्याकडं वळवली. दोन तास मी कुणाचीच टीचर, कुणाचीच अम्मी नव्हते. असं लिहायला बरं वाटतं, पण खरं म्हणजे त्या वेळी मी काहीच विचार करत नव्हते. रेवदंड्याच्या तोंडाशी त्याला उठवलं. तो दचकून उठला आणि म्हणाला, "किती वाजले? कामावर..." मग आजूबाजूला बघितलं आणि गप्प बसला.

ती रात्र कुंडलिकेच्या खाडीत, कोर्लईच्या किल्ल्याखाली. कोर्लईतले ख्रिस्ती लोक घरात अजून एक पोर्तुगीजपासून झालेली बोली बोलतात. पोर्तुगीज 1740 मध्ये गेले, बोली राहिली. आपण पगार, चावी, पाव म्हणतो तेव्हा त्यांचंच बोलतो. किनाऱ्यावर आलेलं काही परत जातं, काही इथलंच होऊन राहतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी पद्मदुर्ग उजवीकडं ठेवून आम्ही राजपुरीच्या तोंडाशी आलो. समोर जंजिरा. अरबी जझीरा म्हणजे बेट. म्हणजे 'जंजिरा बेट' म्हणताना आपण बेटाला बेट म्हणतो. मी हे सांगायला तोंड उघडलं तर नवरा म्हणाला, "माहीत आहे टीचर. तू पत्रात लिहिलं होतंस. 2006 ला."

अम्मी बंदरावर उभ्या होत्या. वय ऐंशी, हातात काठी, तोंड रागावलेलं. आम्ही बोटीनं येतोय हे त्यांना पुतण्यानं सांगून टाकलं होतं. आम्ही सलाम केला, त्यांनी जवाब दिला आणि लगेच विचारलं, "काय काम काढलंव होतं दर्यात?"

नवरा पुन्हा अडकला. मी म्हटलं, "काही नाही अम्मी. असंच. फिरत फिरत आलो."

त्या बोटीकडं बघत राहिल्या. कदाचित ती विकलेली होडी आठवली असेल, कदाचित नसेल. मग हळू आवाजात म्हणाल्या, "मामांच्या जागेवरनं आलाव?"

"हो. थांबलो होतो. फातिहा पढली."

त्यांचा चेहरा सैल झाला. नवऱ्याच्या दंडाला धरून त्या घराकडं वळल्या. "मग काम होतंच की," म्हणाल्या.

मला म्हणायचं होतं, नाही अम्मी, काम नव्हतं. ते वाटेत आलं, आम्ही निघालो होतो ते नुसतेच निघालो होतो. पण त्यांनी इतक्या वर्षांचा नियम मोडू न देता आम्हाला आत घेतलं होतं. मी काही बोलले नाही.

दोन दिवसांनी आम्ही एसटीनं परत आलो. निवडणुकीचं प्रशिक्षण होतं, त्याचं करंजाला काम पडलं होतं. बोट नाताळच्या सुट्टीपर्यंत खाडीतच राहिली. अम्मी रोज संध्याकाळी फोनवर सांगायच्या: आज ओहोटीला जरा कलली होती, आज पोरं चढली होती, मी हाकलली. एकदा म्हणाल्या, मी जरा वेळ जाऊन बसले होते तिच्यात. बांधलेलीच होती, निघाले नव्हते कुठं.

मी विचारलं, कशाला गेला होतात अम्मी?

पलीकडं थोडा वेळ शांतता होती. मग म्हणाल्या, "असंच गो."